उंबऱ्याची ओळ

लातुरात मी एका कोचिंग क्लासमध्ये काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, “कुठला विषय?” मी कुठलाच विषय शिकवत नाही. मी नोट्स तयार करते. सर वर्गात जे बोलतात, फळ्यावर लिहितात, जुन्या वहीत टाचून ठेवतात, ते सगळं माझ्या टेबलावर येतं आणि त्यातून मुलांच्या हातात जाणारी पुस्तिका मी बांधते. मी या कामाला लागले तेव्हा क्लासला दोन खोल्या होत्या. आता त्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी क्लास आहेत, वर होस्टेल, खाली मेस, आणि रेणापूरपासून पार इस्लापूरपर्यंतच्या गावांतून आलेली मुलं पाठीवर दप्तर घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसतात. दरवर्षी त्यांतली थोडी डॉक्टर होतात. त्यांचे फोटो चौकात लागतात. बाकीची गावाकडच्या गाडीत बसतात, तेव्हा त्यांना सोडायला कुणी येत नाही.

नोट्ससाठी मी जो एडिटर वापरते त्यात चित्रं नाहीत, सजावट नाही. नुसती अक्षरं. ओळीच्या आधी एक तारा दिला की तो धडा. दोन तारे दिले की धड्यातला भाग, तीन दिले की भागातला मुद्दा. मथळ्यावर जाऊन एक बटण दाबलं की त्याच्या खालचं सगळं आत जातं, एकच ओळ उरते आणि तिच्या शेवटी तीन टिंबं दिसतात. परत दाबलं की सगळं बाहेर येतं. अख्खा धडा वरचा खाली न्यायचा असेल तर आधी मिटायचा आणि मग एक ओळ हलवावी तसा हलवायचा. आतले भाग, मुद्दे, आकृत्यांचे नंबर, सगळं मुकाट मागं येतं. मला हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरातली किराणा यादी, मुलीचं दप्तर, नांदेडला माहेरी जाताना न्यायच्या वस्तू, सगळं ताऱ्यांनी लिहून काढलं होतं. स्वभावच तसा. पसारा दिसला की मला तो कुठल्या मथळ्याखाली घालायचा हे आधी सुचतं.

आमचे मुख्य सर एक नियम सांगायचे. “एका मुद्द्याला एकच बाप.” म्हणजे एक मुद्दा दोन मथळ्यांखाली दिसता कामा नये आणि कुठलाही मुद्दा मथळ्याशिवाय लटकता ठेवायचा नाही. पोरं परीक्षेत गोंधळतात. हा नियम मी अनेक वर्षं पाळला, आणि तो चांगलाच आहे.

सासऱ्यांचं गाव भूकंपात गेलं. आमच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. माझा नवरा तेव्हा नांदेडला कॉलेजात होता. सासरे, म्हणजे मामंजी, उडदाची रास पडली होती म्हणून शेतात झोपायला गेले होते. घरात सासूबाई आणि माझी नणंद. नणंद कॉलेजला जायच्या वयाची होती. विसर्जनाचा दिवस आटोपून गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे सगळी माळवदं खाली आली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. दोघी गेल्या. नवरा नांदेडहून पोचला तोवर मामंजींनी दोघींना बाहेर काढलं होतं आणि पुढचं सगळं आटपलंही होतं. त्याला एवढंच सांगण्यात आलं की दोघी झोपेतच गेल्या, काही कळलं नाही. आमच्या भागात त्या भूकंपाबद्दल बोलताना हे वाक्य सगळे म्हणतात. आमचे झोपेतच गेले. कुणी ते तपासत नाही.

पुढं गाव नव्या जागी वसलं. घरं जमिनीच्या वर्गावर मिळाली, कमी जमीनवाल्यांना एका बाजूला लहान, जास्तवाल्यांना दुसऱ्या बाजूला मोठी. रस्ते सरळ, घरांना नंबर. जुने शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. मामंजींनाही घर मिळालं, पण ते तिथं राहिले नाहीत. कुलूप लावून आमच्याकडे लातूरला आले आणि आमच्या गॅलरीत बसून बिड्या ओढू लागले.

एकदा ते नव्या गावातल्या एका लग्नाला जाऊन आले आणि दोन दिवस घुश्शात होते. कारण आवतन. जुन्या गावात जेवणाचं आवतन द्यायला माणूस वेशीपासून निघायचा आणि गल्ली धरून घरामागं घर घेत मारुतीपर्यंत जायचा. कुठल्या घरानंतर कुठलं घर हे ठरलेलं. नव्या गावात आवतन देणारं पोरगं नंबरानं गेलं, आणि तीन घरं सुटली. त्या घरांतले लोक मांडवात आले नाहीत. भांडण झालं नाही, पण ते झालं असतं तर बरं, असं मामंजींचं म्हणणं.

“बाई,” ते मला म्हणाले, “तू ते क्लासचं लिवतीस ना, त्यात आमचं जुनं गाव घेता येतंय का? वेशीपसून. घरामागं घर.”

“येतं की. गल्लीला एक तारा, घराला दोन, खोलीला तीन, माणसाला चार.”

“माणसं बी?”

“तुम्ही सांगाल ती.”

नवरा आतून म्हणाला, “मेलेल्यांना आवतन द्यायचंय का आता?”

“तू जेव, तुला कोन विचारायलंय,” मामंजी म्हणाले.

असं ते काम सुरू झालं. मी क्लासमधून आले की चहा व्हायचा आणि मामंजी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. मराठी छापलेलं ते वाचत, सावकाश, ओळीखाली बोट धरून. लिहायला मात्र त्यांना फक्त उर्दू अक्षरं येत होती. त्यांची शाळा निजामाच्या वेळची. पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते अलीफ. त्यामुळे ते बोलणार आणि मी टाइप करणार, हे ठरलंच होतं.

माझ्या डोक्यात पद्धत होती. आधी सगळ्या गल्ल्या, मग प्रत्येक गल्लीतली घरं, मग खोल्या. मामंजींच्या डोक्यात गाव तसं नव्हतंच. ते म्हणायचे, “ह्या घराची न्हाणी त्या घराच्या भिताडाला लागून, म्हणून त्यांचं बोलणं न्हवतं,” आणि तिथून भावकीत शिरायचे, तिथून आडावर. मी म्हणायचे, “मामंजी, आधी घर कुठं आलं ते सांगा.” ते म्हणायचे, “थांब की. भांडण कळल्याबिगर घर कुठं हाय ते कसं कळंल?” आणि खरंच, न्हाणीच्या पाण्याचा वाद नीट सांगितला की दोन घरांमध्ये एक बोळ होता हे त्यांना आठवायचं. मग मी ते घर मिटायचे आणि खाली सरकवायचे.

पहिल्यांदा मी असं घर सरकवलं तेव्हा ते खूश झाले. “अख्खं घर उचललंस की गं! चुलीसकट!”

“आतली माणसंसुद्धा आली सोबत.”

“बग बरं, म्हातारी ऱ्हाईली आसंल माघं. ती कवा घराभाईर निघायचीच न्हाई.”

म्हातारी आली होती. चार तारे, धान्याच्या बळदाजवळची जागा.

पण एक दिवस मी एक पुरी गल्ली संपवली आणि सवयीनं मिटून टाकली. वीस-बावीस घरं एका क्षणात आत गेली, एक ओळ उरली, पुढं तीन टिंबं. मामंजी उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मला वाटलं, बिडीची तलफ. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी ते म्हणाले, “बाई, ते घरं माझ्यापुढं तसे खाली बसवू नको.”

मी सगळं उघडलं. तेव्हापासून ते शेजारी असले की मी काहीही मिटत नसे. गाव पूर्ण उघडं. कामाला फार गैरसोयीचं होतं, वेशीपासून मारुतीपर्यंत जायला बोट दुखेपर्यंत खाली यावं लागायचं. ते झोपायला गेले की मी मिटून माझं माझं तपासत असे.

गावाची फाइल मी क्लासमध्ये भाईंना दाखवली. भाई म्हणजे आमच्या पुस्तिकांची पानं लावणारे. त्यांचं घराणं जिल्दसाजीतलं, लातुरातल्या जुन्या शाळांची पुस्तकं त्यांच्या वडिलांनी शिवलेली. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, तरी मला मॅडम म्हणतात. फाइल पाहून ते म्हणाले, “मॅडम, ह्याच्यात पोरांना मार्क किती?” मग थोडं वाचून चेष्टा सोडली आणि म्हणाले, “ह्याची पुस्तिका करू, नव्या गावात घरोघर देऊ. कागद मी बघतो. जिल्द घरी बांधतो, माझ्याकडनं.”

मामंजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. सर्दी म्हणून आम्ही काढे दिले. आवाज सुटेना, तसा नवरा त्यांना नांदेडला घेऊन गेला. माझ्या भावाच्या ओळखीचे गळ्याचे डॉक्टर होते. परत आले तेव्हा नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. स्वरयंत्रात गाठ. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तारीख पुढच्या महिन्यातली.

मामंजींनी ते आधीच ऐकलेलं होतं. त्यांनी घोगऱ्या आवाजात मला एवढंच विचारलं, “किती घरं ऱ्हायले?”

मी मोजून सांगितलं. त्यांनी मान हलवली. “व्हतेत.”

त्यानंतर आम्ही रोज बसलो. त्यांना बोलताना त्रास व्हायचा, मी कान जवळ नेऊन ऐकायचे. वेगळीच घाई होती ती. क्लासमध्ये परीक्षेच्या आधी जशी घाई असते, तशीच मी करत होते, आणि ते मला त्या वेळी बरोबर वाटत होतं. काम वाटून घेतलं की माणूस निभावतो. एकेक गल्ली पूर्ण होत गेली. मामंजींच्या गल्लीतली सगळी घरं झाली. त्यांचं स्वतःचं घर मात्र नुसता मथळा होता. दोन तारे, “आमचं घर”, आणि खाली काही नाही. मिटलं काय आणि उघडलं काय, तेवढीच ओळ.

“मामंजी, तुमचं घर घेऊ आता?”

“व्हईल की. आधी ते मागचं घ्यू. तिथलं कुणी ऱ्हायलंच न्हाई, इसरून जाईन मी.”

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. त्या दिवशी मारुतीच्या देवळाची पायरी कुणी बांधली ते निघालं. नांदेडला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फाइल त्यांच्या घरावर आणून ठेवली आणि म्हटलं, “मामंजी, आज एवढंच. दुसरं काही नको.”

त्यांनी त्या ओळीखाली बोट धरलं. पडद्याच्या काचेवर बोट टेकलं. मग म्हणाले, “शेजारच्याची मोरी आमच्या अंगणात उतरायची. त्ये लिवलंस का?”

“लिहिलंय.”

“मग बास.”

नवरा दारात उभा होता. तो मला नंतर म्हणाला, “कशाला त्यांच्या मागं लागतीस? त्यांना नाही सांगायचं तर नाही सांगायचं. मी कधी विचारलं का?” खरं होतं. त्यानं कधीच विचारलं नव्हतं. भूकंपाची बातमी टीव्हीवर आली की तो चॅनल बदलतो. त्याच्या आईचा आणि बहिणीचा एकच फोटो घरात आहे, तोही मी लग्नानंतर मोठा करून घेतला.

ऑपरेशन नीट झालं. मामंजींच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, त्यावर फडकं. हाक मारायची तर ते चमच्यानं ताट वाजवत. मी पाटी आणून दिली, पण पाटीवर ते मराठीसुद्धा उर्दू अक्षरांतच लिहिणार आणि ती अक्षरं घरात कुणालाच येत नाहीत. मग खुणा. पाणी, भात, पंखा बंद. बाकीचं राहून जायचं. एकदा त्यांनी पाटीवर चांगल्या चार ओळी लिहिल्या, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तळहातानं पुसून टाकल्या.

मी त्यांना क्लासच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणून दिल्या, पाठीमागून कोऱ्या. म्हटलं, “मामंजी, इथं लिहा. मी भाईंकडून वाचून घेते. त्यांना येतं.” त्यांनी कागद पुढं ओढले. मग मान डोलावली.

पान त्यांनी दिलं ते दोन-तीन आठवड्यांनी. भाईंनी चष्मा लावला आणि हसले. “मॅडम, सासऱ्यांनी तुमचीच आउटलाइन केली. हे बघा, तारे उजवीकडनं.” खरंच, पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलीचे तारे होते, मोजून दोन, तीन, चार, आणि मजकूर तिथून डावीकडे. “हरफ लई साफ हाय. जुन्या, निजामाच्या मदरशाचा हात.”

त्यांनी वाचलं, मी तिथंच टाइप केलं. सोपा, दोन खणाचा. अंगण सोप्यापासून दोन पावलं. सोप्यात पोराची खाट, रिकामी, पोरगा नांदेडला. माजघर. बळद, देवळी, लोखंडी पेटी. माजघरात पोराची माय. माजघरात पोरगी. सैपाकघर, दोन चुली. मी, उडदाच्या राशीपाशी. संपलं.

भाई म्हणाले, “बस, एवढंच?”

“एवढंच हवं होतं,” मी म्हटलं. मला हायसं वाटलं होतं. गाव पूर्ण झालं. घरी येऊन मी पानं छापली आणि नवऱ्याला सांगितलं, छपाईला द्यायच्या आधी एकदा नजर घाल, नावं बघ. तो टाळत होता. शेवटी जेवण झाल्यावर त्यानं पानं घेतली आणि उभ्यानंच चाळली. स्वतःच्या घरापाशी थांबला.

“हे चुकलंय.”

“काय?”

त्यानं बहिणीच्या ओळीवर बोट ठेवलं. “ती माजघरात नव्हती झोपत. मी नांदेडला गेलो की माझ्या खाटेवर झोपायची. महालक्ष्म्यांना मी घरी गेलो होतो, निघताना म्हणाली, आता खाट माझी, तू आलास की जमिनीवर.” तो थोडा हसला. मी त्याला बहिणीबद्दल बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “दादांना म्हणावं, नीट करा.” दादा म्हणजे मामंजी.

मी म्हटलं, तूच सांग. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. मामंजींनी मान हलवली, नाही. त्यानं परत सांगितलं. परत नाही.

“मला तिनं सांगितलं होतं, दादा.”

नाही.

“तुम्ही तर शेतात होता!”

हे तो जोरात म्हणाला. मामंजींनी ताटावर चमचा आपटला, पण हाक मारल्यासारखा नाही. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. लिहिलं, घडी केली आणि माझ्या हातात दिली. नवऱ्याच्या नाही.

पान मी क्लासला न्यायला पर्समध्ये घातलं, तर नवरा म्हणाला, “तिथं नको. भाईंना रविवारी घरी बोलव. माझ्यासमोर वाचू दे.”

भाई सकाळी आले. येताना जिल्दीच्या कापडाचे नमुने घेऊन आले, कुठला रंग हवा म्हणून. मामंजी गादीवर भिंतीला टेकून बसले होते. भाईंनी त्यांना सलाम केला, त्यांनी हात वर केला. मी चहा दिला. कॉम्प्युटर चालू करून फाइल उघडली आणि त्या घरावर आणून ठेवली, दुरुस्ती तिथल्या तिथं करावी म्हणून. सगळं उघडंच होतं.

भाईंनी कागद उलगडला, पहिली ओळ मनात वाचली आणि चष्मा काढला.

“मॅडम, मी घरी नेऊन लिहून आणू का?”

“वाचा, भाई,” नवरा म्हणाला.

भाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी डोळे मिटून मान हलवली, होय.

भाईंनी वाचलं. मामंजींची बोली त्यांनी तशीच ठेवली. “पोरगी कोण्या खोलीत लिवावी मला समजंना. तुमच्या लिवण्यात तिला जागा न्हाई. मला ती उंबऱ्यावर घावली, सोप्याच्या आन् माजघराच्या मधी. आधी तीच घावली. झोपेत न्हवती. उठली व्हती.” भाई थांबले. “मॅडम, एवढंच हाय.”

खाली रस्त्यावर कुठल्या तरी क्लासची पहिली बॅच सुटली होती, पोरांचा आवाज येत होता. मी, मला आजही नवल वाटतं, माउस हातात धरून माजघराखालची तिची ओळ उचलली होती. ओळ उचलली की ती कुठंतरी ठेवावी लागते. उंबरा ही खोली नाही. मी त्याला वेगळा तीन ताऱ्यांचा मथळा देऊ शकत होते. पण तो कुठल्या खोलीनंतर, कुठल्या खोलीच्या आधी? आणि मी ते तोंडानं बोलले. “मग कुठं घेऊ?”

“तुला आत्ता ते सुचतंय?” नवरा ओरडला.

मामंजींनी हात वर करून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे बोट केलं, आणि पडद्याकडे. लिही.

नवरा उठून गॅलरीत गेला. भाई कप घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात ठेवायला गेले आणि तिथंच थांबले. मामंजींच्या गळ्यातून श्वासाची शिट्टी येत होती. मला कळत होतं की ते इतकी वर्षं काय राखून बसले होते. गावात सगळे म्हणतात झोपेतच गेले, आणि त्यांनीही मुलाला तेच दिलं होतं. आवाज असताना ते सांगता आलं नाही. आवाज गेल्यावर पहिल्या पानावरही तेच दिलं, माजघराखाली, आईशेजारी. मुलानं ते चूक आहे म्हटलं नसतं तर ते तसंच छापलं गेलं असतं.

नवरा परत आत आला. बसला नाही. वडिलांसमोर उभा राहिला.

“दादा, तोंड कुणीकडं होतं?”

मामंजी त्याच्याकडे बघत राहिले.

“अंगणाकडं का आत?”

मला तो काय विचारतोय ते समजायला थोडा वेळ लागला. सोप्यापासून अंगण दोन पावलं. माजघरातून कुणी पळून बाहेर येत असेल तर त्याचं तोंड अंगणाकडे असणार. आत असेल तर ती माजघरातून निघालेली नव्हतीच. ती सोप्यातून, खाटेवरून उठून आत निघाली होती.

मामंजींनी गादीवरची चादर हातानं सारखी केली. डावा तळहात एका जागी ठेवला, आणि मुलाकडे पाहिलं. ती खाट. मग दूर बोटानं एक आडवी रेघ काढली. तो उंबरा. रेघेच्या पलीकडे मूठ ठेवली. ती आई. मग खाटेपासून एक बोट हळूहळू सरकवत रेघेपर्यंत नेलं आणि तिथं थांबवलं. अंगण मागं राहिलं होतं.

“म्हणजे माझ्याच खाटेवर होती.”

मामंजींनी मान हलवली, होय.

“आईला उठवायला गेली.”

मामंजींचं बोट रेघेवरच होतं. त्यांनी ते काढलं नाही. नवरा खाली बसला, गादीच्या कडेला, आणि त्यानं ते बोट आपल्या हातात धरलं. तो रडला नाही. मामंजी रडले, पण रडण्याला आवाज नव्हता, गळ्यावरचं फडकं नुसतं आत-बाहेर होत होतं. मी उठून फडकं बदललं.

भाई दारात आले होते. “मी येतो, मॅडम. जिल्दीच्या कापडाचं नंतर बघू.”

“थांबा,” नवरा म्हणाला. “हे झालं की घेऊनच जा.” मग मला म्हणाला, “आईच्या खाली घाल तिला.”

“खोलीखाली नको?”

“आईच्या.”

मी सासूबाईंच्या ओळीवर गेले. चार तारे. त्याखाली पाच ताऱ्यांची ओळ त्या फाइलीत तोवर कुठंच नव्हती. नणंदेची ओळ तिथं ठेवली, आणि तिच्यापुढं लिहिलं: सोप्यातून उठून आईकडे जाताना, उंबऱ्यावर.

मामंजी गादीवरून पुढं सरकले. पडद्यापाशी आले आणि बोट धरून ओळ वाचली. दोनदा वाचली.

“छापायचं?” मी विचारलं. “नव्या गावात सगळ्यांच्या हातात जाईल.”

मामंजींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं भाईंच्या हातातले नमुने घेतले, उगाच चाळले आणि परत दिले.

“छाप,” तो म्हणाला. “इतरांना काय वाटायचं ते वाटू दे.”